'ली' म्हणजे आडोसा, मग 'ली शोर'ला खलाशी का घाबरतात?

पानगळ

मंडळी, एका जुन्या इंग्रजी सफरीच्या रोजनिशीतली काही पानं मराठीत आणते आहे. शिडाच्या जहाजांचा काळ. एकाच परिच्छेदात 'ली' हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी अर्थ उलटा वाटतो. आधी लिहिणारा म्हणतो की रात्रभर 'ली शोर' जवळ येत होता, कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही, कप्तान सुकाण्यापासून हलला नाही. चार ओळींनंतर जहाज एका बेटाच्या 'ली'ला पोचतं आणि सगळे जण चूल पेटवून पोटभर जेवतात.

शब्दकोशात 'ली' म्हणजे वाऱ्यापासून आडोसा असलेली बाजू. भूगोलात आपण शिकलो ती वाताभिमुख-वातविमुख ही जोडी, त्यातला 'लीवर्ड' म्हणजे वातविमुख. मग 'ली शोर' म्हणजे आडोशाचा किनारा व्हायला हवा ना? आडोशाला माणूस घाबरेल कशाला?

समुद्रावर काम केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा. 'वातविमुख किनारा' असं लिहून मोकळी होणार होते, पण गाडी अडली.

बंड्या नंबर दोन

मला एकच ली माहीत आहे, आणि त्याला सगळेच घाबरायचे.

(बसतो मागच्या बाकावर. धागा वाचतोय.)

सुकाणू

पानगळ, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, शिडाच्या नाही, पण हा शब्द आजही रोज वापरात आहे.

सगळा घोळ एका गोष्टीचा. ली कोणाची? जहाजाची की जमिनीची?

समजा आपण जहाजावर आहोत, तोंड उत्तरेला, वारा पश्चिमेकडून येतोय. डावी बाजू वाऱ्याकडची, ती 'विंडवर्ड' किंवा 'वेदर साईड'. उजवी बाजू वाऱ्याच्या उलट, ती 'ली साईड'. आता त्या उजव्या बाजूला जे काही दिसेल ते सगळं 'लीवर्ड'ला आहे असं म्हणायचं. दुसरं जहाज असो, बोया असो, नाहीतर किनारा असो. किनारा असेल तर तो आपल्या जहाजाचा 'ली शोर'. म्हणजे वारा आपल्याला ज्याच्याकडे ढकलत नेतोय तो किनारा.

त्याच किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. त्याच्या तोंडावर वारा येतोय, लाटा थेट आदळतायत. त्याच्या दृष्टीने तो बेटाचा वाऱ्याकडचा किनारा, विंडवर्ड. एकच वाळू, जहाजावरून ली शोर आणि बेटावरून विंडवर्ड.

दुसऱ्या वाक्यात 'बेटाची ली' आहे. तिथे मोजणी बेटापासून. जहाज बेटाच्या पलीकडे, वाऱ्याच्या आड गेलं, म्हणून चूल पेटली. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत.

जुन्या इंग्रजीत मूळ शब्दाचा अर्थ आसरा असाच होता. पण 'ली शोर'मध्ये आसरा शोधायला गेलात तर खडकावर जाल.

आता भीती का, तर शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडात सरळ जाऊ शकत नाही. चौकोनी शिडांची मोठी जहाजं वाऱ्याच्या दिशेपासून साधारण सहा पॉइंट, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नसत. त्यात जहाज पुढे जाता जाता बाजूलाही सरकतं. मोठ्या लाटांत तर नव्वद अंशसुद्धा साधत नसे, मग किनाऱ्याला समांतर जायचीही पंचाईत. समोर भूशिर आलं की संपलं. उरतो फक्त नांगर, आणि तो धरतो की नाही हे तळावर अवलंबून.

पानगळ

सुकाणू, मनापासून आभार. 'कोणाची ली' या एका प्रश्नाने डोक्यातला गुंता सुटला. भूगोलाच्या पुस्तकाने कधीच हे सांगितलं नाही बघा.

कृष्णाकाठ

भूगोलाच्या पुस्तकावर घसरलात म्हणून लिहितो. मी शाळेत तोच विषय शिकवतो, राहतो वाईला.

जमिनीवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे बोलणारा डोंगराच्या बाजूनेच बोलतो. डोंगर जागचा हलत नाही आणि पावसाळ्यात वारा कुठून येणार हेही ठरलेलं. त्यामुळे 'वातविमुख उतार' म्हटलं की एकच अर्थ. पुस्तकाने काही फसवलेलं नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून रस्त्याने जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवर आमची वाई, इथे सातशे-आठशे. मधे पाचगणी, तिथे महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणखी पूर्वेला माण-खटावात गेलात की पाचशेच्या घरात. जुलैत पसरणी घाट उतरताना दर वेळी दिसतं: वर धुकं, गाडीचा वायपर थांबत नाही. अर्ध्या घाटात वायपर कोरड्या काचेवर करकरायला लागतो. खाली गणपतीच्या घाटावर लोक छत्री मिटून चाललेले.

कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीवर चढते, थंड होते, ढग होऊन बरसते. ढग बनत असताना ती हजार मीटरला साधारण पाच-सहा अंशांनी थंड होते. पलीकडे उतरताना मात्र पाणी सांडून गेलेलं असतं, त्यामुळे ती हजार मीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. म्हणजे नुसतं पाणी संपलं म्हणून पाऊस कमी असं नाही, उतरणारी हवा उरलेले ढगही खाऊन टाकते. मुलांना हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. सगळे जण 'ढग डोंगराला अडतात' एवढ्यावर थांबतात.

मेघालयात हेच. चेरापुंजीला अकरा हजारांच्या वर, शिलाँगला दोन-सव्वादोन हजार.

मिऱ्याबंदर

वाईकर गुरुजी, तुमचा डोंगर वाऱ्याला आडवा आहे, आमचा किनारा पण आडवाच आहे. फक्त आमच्याकडे पाऊस होतो तसा बोटींचा भुगापण होतो.

रत्नागिरीचा आहे. घरात दोन पिढ्या मासेमारी. आमच्यात ली-बी कोण म्हणत नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणतो, वारा किनाऱ्यावर लोटतोय, बाहेर रहा. एवढंच. पण गोष्ट हीच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. किनारा उत्तर-दक्षिण. म्हणजे डहाणूपासून तेरेखोलपर्यंत अख्खा कोकण चार महिने सुकाणूंनी सांगितलेला तो ली शोरच. इंजिन बंद पडलं की बोट बाहेर जाणार नाही, आतच येणार, आणि आत काय आहे ते आम्हाला माहीत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते ती माशांच्या विणीसाठी म्हणतात, ते बरोबरच आहे. पण बंदी नव्हती तेव्हासुद्धा आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, होड्या वर ओढून शाकारून ठेवायचे, नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय कोण जात नव्हतं. तेव्हा कोणी सरकारी कागद बघत नव्हतं, वारा बघायचे.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. बसरा स्टार नावाचं जहाज इथे बाहेर नांगरून होतं. नांगर टिकला नाही आणि ते येऊन बसलं मिऱ्याच्या बंधाऱ्यावर. माणसं वाचली हे नशीब. जहाज त्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच. लोक सेल्फी काढायला यायचे. दर पावसाळ्यात लाट त्याला बंधाऱ्यावर आपटायची, धाड धाड आवाज घरात यायचा आणि बंधाऱ्याचे दगड सुटायचे.

सुकाणू

मिऱ्याबंदर, तुमच्या तांडेलाचं वाक्य आमच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा चांगलं आहे. पानगळ, लिहून ठेवा.

आणि यात एकटं बसरा स्टार नाही. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' २००० च्या जूनमध्ये येऊन रुतलं, ते दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच. मुंबईत २०११ साली जुहूला दोन जहाजं आली. जूनमध्ये 'विस्डम', ते अलंगला भंगारात ओढून नेत होते, दोर तुटला. आणि ३१ जुलैला 'पवित'. हे दुसरं मला फार शिकवून गेलं. ओमानजवळ बंद पडलेलं, खलाशांची सुटका करून सोडून दिलेलं लहान टँकर. सगळ्यांना वाटलं बुडालं असेल. ते बुडालं नाही. आत एकही माणूस नाही, इंजिन नाही, सुकाणू धरायला कोणी नाही, आणि महिनाभरात अख्खा अरबी समुद्र ओलांडून जुहूच्या वाळूवर हजर. सुरक्षेवरून तेव्हा केवढा गदारोळ झाला, रडारवर दिसलं कसं नाही वगैरे. तो वेगळा विषय. पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा ली शोर कुठे आहे हे त्या रिकाम्या जहाजाने नकाशावर रेघ ओढून दाखवलं.

तारखा बघा. जून, जून, जुलै, जून.

बंड्या नंबर दोन

प्रश्न: मग मुंबई बंदर पावसाळ्यात चालू कसं राहतं? तेही पश्चिम किनाऱ्यावरच आहे की.

सुकाणू

बंड्या, मागच्या बाकावरून चांगला प्रश्न. नकाशा काढ. बंदर मुंबईच्या पूर्वेला आहे, शहर आणि बंदर यांची पाठ समुद्राकडे. कुलाब्यापासूनची सगळी जमीन वाऱ्याला आडवी उभी आहे आणि गोदी तिच्या लीमध्ये. मरीन ड्राइव्हला लाटा कठड्यावरून उडतात तेव्हा भाऊच्या धक्क्याला तेवढं काही नसतं. बंदराच्या तोंडाशी मात्र समुद्र आत शिरतो, म्हणून गेटवे-मांडवा लाँचा पावसाळ्यात बंद.

जाता जाता, आजच्या वापराबद्दल. बंदराबाहेर पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, चढायचा असतो. लहानशी पायलट बोट, आपल्या जहाजाच्या कुशीला येते, आणि माणूस दोरीच्या शिडीवर उडी घेतो. पाण्यापासून डेक नऊ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोरीची शिडी चालत नाही, वरून तिरका जिना सोडून दोन्ही जोडावे लागतात. त्याआधी रेडिओवर पायलट सांगतो, शिडी पोर्ट साईडला (डाव्या बाजूला), पाण्यापासून एक मीटर, 'मेक अ गुड ली'. मग आम्ही जहाज वळवून आडवं धरतो, म्हणजे वारा-लाटा एका बाजूला आदळतात आणि शिडीच्या बाजूला पाणी जरा निवतं. दोनशे मीटर जहाज एका माणसासाठी भिंत म्हणून उभं करायचं. पावसाळ्यात मुंबईबाहेर हे करताना शिडीपाशी उभ्या असलेल्या बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, चेहरा बघावा. पायलट बोट एकदा शिडीच्या वर, एकदा तीन मीटर खाली. पायलट लाटेच्या माथ्यावर बोट आली की पाय टाकतो. खाली जाताना टाकला तर बोट परत वर येऊन पायच चिरडेल.

वसईचा वारा

उशिरा आलो धाग्यावर. मी क्रूझ जहाजावर किचनमध्ये आहे, कॅरिबियन रूट. लीवर्ड-विंडवर्डची खरी गंमत आमच्याकडे. इथे ही बेटांची नावंच आहेत.

पाहुण्यांच्या छापील कार्यक्रमात अँटिग्वा, सेंट किट्स, माँटसेराट ही लीवर्ड बेटं. सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा ही विंडवर्ड. वारा ईशान्येचा, पूर्वेचा, वर्षभर. युरोपातून शिडाची जहाजं त्या वाऱ्यावर यायची, आणि दक्षिणेकडची बेटं बाकीच्यांच्या मानाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला पडतात, म्हणून ती विंडवर्ड, असं सांगतात. पण बघायला गेलं तर सगळी रांगच वाऱ्याला तोंड देऊन उभी आहे. बार्बाडोस सगळ्यांच्या पूर्वेला, वारा पहिला त्याला लागतो, पण आज त्याला विंडवर्डमध्ये धरत नाहीत.

डॉमिनिका आधी लीवर्डमध्ये होतं, १९४० मध्ये इंग्रजांनी कारभारासाठी विंडवर्डमध्ये टाकलं. बेट तिथेच, वारा तोच, साहेबाने फाईल बदलली.

आणि सिंट मार्टेन. इंग्रजीत ते लीवर्ड बेटांत. त्याच बेटाचा एक भाग डच, आणि डच लोक त्याला वाऱ्यावरच्या बेटांत धरतात! त्यांची वाऱ्याखालची बेटं म्हणजे अरुबा, बोनेर, कुरासाव, पार व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ. स्पॅनिश लोकांची जुनी वाटणी तशीच. माझा केबिनमेट फिलिपिनो, दुसरा शेफ डच. दोघांची यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली होती. दोघंही बरोबर, हे त्यांना कोण सांगणार.

कृष्णाकाठ

वसईचा वारा, हे वर्गात वापरणार, परवानगी समजतो.

आणि आता मीच माझ्या डोंगराबद्दल थोडं पुढे जातो. वारा ठरलेला असतो म्हणालो ते वर्षाच्या चार महिन्यांपुरतं. तामिळनाडू जून ते सप्टेंबर पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत असतो. ऑक्टोबरनंतर वारा ईशान्येचा होतो, बंगालच्या उपसागरावरून येतो, आणि चेन्नईचा मुख्य पाऊस तेव्हाच पडतो. म्हणजे जी जमीन श्रावणात वातविमुख, तीच दिवाळीत वाताभिमुख. नकाशात तो भाग रंगवून खाली 'पर्जन्यछाया' लिहिलं की मुलांना वाटतं तो जागेचा कायमचा गुण आहे, लाल माती-काळी मातीसारखा. तो गुण नाही, वाऱ्याचं आणि डोंगराचं त्या वेळचं नातं आहे. सुकाणूंच्या जहाजाला हे दर तासाला कळतं, आमच्या नकाशाला सहा महिन्यांनी.

निळी शाई

सगळं छान, पण मूळ प्रश्न भाषांतराचा आहे. माझं मत: 'वातविमुख' हा शब्द रोजनिशीत टाकलात तर वाचक पुस्तक मिटेल. भूगोलाच्या तासाला ठीक. खलाशाच्या तोंडी 'वातविमुख'? तो मेला तरी म्हणणार नाही.

'वाऱ्याखाली' आणि 'वाऱ्यावर' का नको?

मिऱ्याबंदर

'वाऱ्यावर' नको. वाऱ्यावर सोडलं म्हणजे काय ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे 😄

निळी शाई

हाहा, मान्य. मग 'वाऱ्याच्या वरच्या अंगाला' आणि 'खालच्या अंगाला'. वसईच्या वाऱ्यानेही वर नकळत तसंच लिहिलंय.

सुकाणू

खालच्या अंगाला हे जहाजाबद्दल चालेल, कारण वाऱ्याने जहाज कलतं आणि ली साईड खरोखर खाली जाते. पण किनाऱ्याबद्दल वापरलंत तर वाचकाला आडोसा की धोका हे कळणार नाही, आणि पानगळ पुन्हा पहिल्या पोस्टवर.

माझं म्हणणं, 'ली शोर' या धमकीचं गांभीर्य टिकवायचं असेल तर तिथे शब्दाला शब्द नकोच. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज ऑस्ट्रेलियाहून सोनं आणि माणसं घेऊन लिव्हरपूलच्या अगदी दारात आलं होतं. वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वारा फिरला, उत्तरेकडून आला, आणि शेजारून चाललेला किनारा ली शोर झाला. दोन्ही नांगरांच्या साखळ्या तुटल्या. डोलकाठ्या तोडून टाकल्या, वाफेचं इंजिन होतं तेही कमी पडलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, जमीन हाकेच्या अंतरावर असताना. त्यानंतर ब्रिटनमध्ये हवामान खात्याचा प्रमुख फिट्झरॉय याने वादळाचे इशारे तारेने बंदरांना पाठवायला सुरुवात केली, १८६१ पासून. आज आपल्या बंदरांत बावटा क्रमांक तीन लागतो, त्या पद्धतीचं घराणं तिथपर्यंत जातं. ही सगळी भीती 'वातविमुख'मध्ये कशी मावेल?

बेटांच्या नावांना मात्र हात लावू नका. लीवर्ड बेटं ती लीवर्डच.

आणि उच्चार. कॅरिबियन बेटं 'लीवर्ड', पण दिशा सांगताना जुने दर्यावर्दी 'लूअर्ड' म्हणतात. पुस्तकात नको, पण कोणी मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर.

बंड्या नंबर दोन

'लीवे' पण यातलाच का? आमचा बॉस रोज म्हणतो, आय कान्ट गिव्ह यू एनी लीवे.

सुकाणू

यातलाच. वर लिहिलं ते जहाजाचं बाजूला सरकणं, त्याला लीवे म्हणतात. ली शोर दूर असेल तर थोडं सरकलं तरी चालतं, तेवढी जागा हाताशी असते. तिथून मोकळीक हा अर्थ आला. तुझ्या बॉसचा किनारा जवळ आलेला दिसतोय.

पानगळ

सगळ्यांचे आभार. तो परिच्छेद आता असा केला आहे:

'रात्रभर वारा आम्हाला किनाऱ्यावर लोटत होता. लाटा फुटण्याचा आवाज दर घटकेला जवळ येई. कप्तान सुकाण्यापासून हलला नाही. उजाडता उजाडता भूशिर ओलांडलं आणि बेटाच्या आडोशाला आलो, तेव्हा कुठे चूल पेटली.'

'लोटत' मिऱ्याबंदर यांच्या तांडेलाचा. दोन्ही 'ली' गेल्या, पण अर्थ राहिला असं वाटतं.

आता शेवटचं, मग धागा थांबवते. रोजनिशीत मधे मधे एक तक्ता आहे. रकान्यांवर अक्षरं: एच, के, एफ, मग कोर्सेस, विंड्स आणि शेवटी लीवे. लीवेच्या खाली कुठे 'अर्धा', कुठे 'एक', कुठे 'दोन'. काय समजायचं?

सुकाणू

एच म्हणजे तास. के आणि एफ मिळून त्या तासाचा वेग, नॉट (तासाला एक सागरी मैल) आणि त्याचा उरलेला अंश फॅदममध्ये. लीवेचा आकडा पॉइंटमध्ये असतो. होकायंत्राचे बत्तीस पॉइंट, एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा. 'अर्धा' म्हणजे जहाज नाकासमोर न जाता साडेपाच अंश ली बाजूला सरकतंय. 'दोन' म्हणजे साडेबावीस अंश, ते फार झालं. वाऱ्याची दिशा आणि कोर्स मिळाला की त्या रात्री किनारा नक्की कोणत्या बाजूला होता हे काढता येईल. तक्त्याचा फोटो इथे टाका, नकाशावर मांडून देतो.